तंबाखू भाजणारे हात

पाइप ओढणाऱ्यांच्या जगात एक घरगुती उद्योग चालतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या शौकिनांत तो विशेष आढळतो. दुकानातून आणलेली पिवळसर किंवा तांबूस व्हर्जिनिया तंबाखू घट्ट झाकणाच्या बरणीत नाहीतर डब्यात भरायची आणि स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये 100 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून द्यायची. कुणी दोन-तीन तास ठेवतो, कुणी दिवसभर. बाहेर काढल्यावर झाकण लगेच उघडायचे नसते. डबा पुरता निवू द्यायचा आणि मग तंबाखू काही आठवडे तशीच मुरू द्यायची. झाकण उघडते तेव्हा पान गडद तपकिरी, कधी काळपट झालेले असते. वाळक्या गवताचा वास जाऊन मनुकांचा, पावाच्या खरपूस कडेचा वास आलेला असतो आणि धुराचा जिभेला चावणारा तिखटपणा उतरलेला असतो. या क्रियेला तिकडे ‘स्टोव्हिंग’ म्हणतात. पाइपची तंबाखू बनवणारे काही कारखाने हेच काम वाफ आणि दाब वापरून मोठ्या प्रमाणावर करतात. घरी करणारा त्यांचीच नक्कल करत असतो.

वरवर पाहता हा रिकामपणचा खटाटोप आहे. मी स्वतः पाइप ओढत नाही, आणि पाइपच्या प्रेमापोटी या विषयात शिरलोही नाही. मला कुतूहल होते ते तापवण्याच्या क्रियेचे. पान तेच, रोप तेच. मग नुसत्या उष्णतेने त्यात एवढा फरक का पडावा? आणि ही उष्णता देण्याची विद्या कुणाची? या दोन प्रश्नांचा माग काढत गेलो तसे लक्षात आले की, तंबाखूच्या इतिहासात बियाण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक काम आगीने केले आहे. तंबाखू कोण घेणार, कशी घेणार आणि ती शरीरात किती खोल उतरणार, हे पुष्कळदा पान तापवण्याच्या पद्धतीने ठरवले. आणि या प्रवासाचे एक टोक आपल्याच घरातल्या तव्यापाशी येऊन पोचते.

* * *

आधी पानाकडे पाहू. खुडलेले हिरवे तंबाखूचे पान ओढण्याच्या कामाचे नसते. ते पकवावे लागते, म्हणजे ठरावीक पद्धतीने सुकवावे लागते. याच्या मुख्य रीती चार. सावलीत हवेवर सुकवणे, उन्हात सुकवणे, खाली लाकूड जाळून धुरावर सुकवणे आणि बंद कोठारात धूर लागू न देता नुसत्या उष्णतेवर सुकवणे.

खुडलेले पान लगेच मरत नाही. हवेवर सुकणारे पान काही आठवडे हळूहळू श्वसन करत राहते आणि त्या काळात आपल्यातली साखर खर्च करून टाकते. म्हणून बर्लीसारख्या हवेवर सुकवलेल्या तंबाखूत साखर जवळजवळ उरत नाही. बंद कोठारातली गोष्ट वेगळी. तिथे आधी 35 ते 40 अंशांवर पान पिवळे होऊ देतात. या अवस्थेत पानातल्या पिष्टाची साखर होते. मग उष्णता वाढवत नेतात आणि शेवटी देठ-शिरा वाळवण्यासाठी 70 अंशांच्या थोडे वर जातात. वाढत्या उष्णतेने पान मरते, श्वसन थांबते आणि साखर आतच कोंडली जाते. पाच ते सात दिवसांत निघालेल्या या सोनेरी पानात कोरड्या वजनाच्या 15 ते 20 टक्के साखर असू शकते. बाजारात ‘व्हर्जिनिया’ म्हणतात ती हीच तंबाखू.

पाइपवाला बरणीत घालतो ती बहुधा ही साखर कोंडलेली तंबाखू. ओव्हनच्या उष्णतेने साखर आणि प्रथिनांतली अमिनो आम्ले यांचा संयोग होतो, त्यातून गडद रंग आणि शेकडो सुवासिक द्रव्ये तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी 1912 मध्ये या क्रियेचे वर्णन केले आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. भाकरीच्या पापुद्र्यावर पडणारे डाग, भाजलेल्या कॉफीचा रंग, खरपूस पावाचा वास या सगळ्यांमागे तीच क्रिया आहे. झाकण घट्ट लागते ते पानातला ओलावा आणि वास उडून जाऊ नये म्हणून.

एक गोष्ट मात्र बरणीत बदलत नाही. निकोटिन 247 अंशांना उकळते. बंद डब्यात 100 अंशांवर ते जवळजवळ सगळे पानातच राहते. तिखटपणा उतरतो, अंमल उतरत नाही. पुढच्या सगळ्या कथेची किल्ली याच वाक्यात आहे.

* * *

पाइपच्या तंबाखूला उष्णता देण्याची कला इंग्लंडमध्ये एवढी का रुजली? एक कारण सरकारी जमाखर्चात सापडते.

ब्रिटनमध्ये तंबाखूच्या पानावर जबर जकात होती आणि ती वजनावर आकारली जाई. साहजिकच स्वस्त वजन मिसळून नफा काढण्याकडे धंदेवाल्यांचा कल असे. साखर, काकवी, इतर झाडांची पाने, काय हाताशी येईल ते मिसळत. त्यात सरकारचा महसूल बुडे. म्हणून 1842 मध्ये कायदा झाला आणि तंबाखूत साखर, मध, काकवी असले काहीही घालण्यास बंदी आली. भेसळ पकडायची तर तपासणारा हवा; त्यासाठी त्याच वर्षी जॉर्ज फिलिप्स यांच्या हाताखाली अबकारी खात्याची एक छोटी प्रयोगशाळा लंडनमध्ये उघडली. ब्रिटनच्या सरकारी रसायनशाळेचा जन्म हा असा तंबाखूच्या भेसळीतून झाला. यात लोकांच्या प्रकृतीची काळजी कुठेच नव्हती. काळजी होती ती तिजोरीची.

या कायद्याचा चवीवर परिणाम झाल्यावाचून राहिला नाही. कारखानदाराला गोडी विकायची होती, पण साखर घालता येत नव्हती. मात्र उष्णता, वाफ आणि दाब यांना कायद्याची आडकाठी नव्हती. पानातलीच साखर खुलवायची असेल तर ते दाबायचे, वाफवायचे, तापवायचे. गडद, दाबून वड्या केलेल्या, मग कातरून पातळ चकत्या पाडलेल्या तंबाखूची जी खास इंग्रजी चव मानली जाते, तिच्यावर या बंदीचा मोठा ठसा आहे. पुढे 1863 च्या कायद्याने कॅव्हेंडिशसारखी गोड केलेली तंबाखू सरकारी देखरेखीखालच्या बंद गोदामांत बनवायला परवानगी मिळाली; इतरत्र ‘शुद्ध’ तंबाखूचाच नियम राहिला.

घरगुती प्रयोगही याच जगात होते. ब्रिटिश आरमारातल्या खलाशांना अख्खे पान मिळे. ते त्यावर रम शिंपडत, पाने एकावर एक रचून कॅनव्हासमध्ये गुंडाळत आणि वरून दोरीने करकचून आवळत. काही महिन्यांनी आतून घट्ट, काळपट, गोडसर कांडी निघे. ती चाकूने कातरून पाइपमध्ये भरत. तिथे काम दाबाचे आणि काळाचे होते. ओव्हनवाला तेच काम उष्णतेकडून करून घेतो आणि महिन्यांचा हिशेब तासांवर आणतो.

* * *

ज्या पिवळ्या पानावर हा सगळा डोलारा उभा आहे, त्याच्या जन्माची कथा अटलांटिकच्या पलीकडची आहे.

1839 साल. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातला कॅसवेल परगणा. अबिशा स्लेड नावाच्या जमीनदाराच्या मळ्यावर स्टीफन हा अठरा-एकोणीस वर्षांचा गुलाम तरुण होता. तो लोहारकामही करी. तंबाखूच्या कोठारातली आग रात्रभर राखण्याचे काम त्याच्याकडे होते. एका रात्री त्याला डुलकी लागली. जाग आली तेव्हा आग विझत आलेली. ओले लाकूड टाकून भागणार नव्हते, म्हणून तो लोहारशाळेकडे धावला, तिथला कोळसा आणून त्याने आगीवर घातला. कोळशाला धूर नाही आणि धग मात्र एकदम भडकणारी. त्या कोठारातून निघालेले पान नेहमीसारखे तपकिरी नव्हते. ते लख्ख पिवळे होते. स्लेडने पुढे ही रीत पद्धतशीर केली, शेजाऱ्यांना शिकवली. स्टीफनने उतारवयात, स्वतंत्र झाल्यावर, ही हकिगत स्वतः सांगितली म्हणून ती नोंदली गेली.

कथा इतकी नेटकी आहे की इतिहासकारांनी तिच्याकडे संशयानेही पाहिले आहे. बार्बरा हान यांनी या पिवळ्या तंबाखूवर स्वतंत्र पुस्तक लिहून दाखवले आहे की, असे पान घडायला एका रात्रीचा योगायोग पुरेसा नव्हता. जमीन, बाजार, कर आणि अनेकांचे प्रयोग यांतून ते दशकानुदशके घडत गेले. तरीही स्टीफनचे नाव पुसावे असे मला वाटत नाही. कारण रात्रभर कोठारात जागून आग राखणारे, धग हाताने आणि रंग डोळ्याने जोखणारे बहुतेक लोक गुलामच होते. त्यांची नावे कुठल्याच वहीत नाहीत. त्या सगळ्यांच्या वतीने एक नाव उरले आहे.

कोळशाच्या जागी पुढे पत्र्याच्या धूरनळ्या आल्या. भट्टी बाहेर आणि तापलेली नळी कोठारातून फिरवलेली, म्हणजे उष्णता आत आणि धूर बाहेर. या गोड, सौम्य पानाने एक असा बदल घडवला की ज्याचा अंदाज त्या काळी कुणाला असण्याचे कारण नव्हते. हवेवर सुकवलेल्या गडद तंबाखूचा, म्हणजे सिगारचा धूर अल्कधर्मी असतो. त्यातले निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जाते, आणि धूर छातीत ओढायला गेले तर ठसका लागतो. साखर भरपूर असलेल्या पिवळ्या पानाचा धूर आम्लधर्मी. तो घशाला लागत नाही, पण त्यातले निकोटिन तोंडात फारसे शोषलेही जात नाही. तलफ भागवायची तर धूर फुप्फुसांपर्यंत न्यावा लागतो. आणि सौम्य असल्यामुळे तो नेताही येतो.

जेम्स बॉन्सॅकने सिगारेट वळणाऱ्या यंत्राचे पेटंट 1881 मध्ये घेतले. हे यंत्र मिनिटाला सुमारे 200 सिगारेटी काढी. सौम्य पान आणि वेगवान यंत्र यांची गाठ पडली आणि विसाव्या शतकातली फुप्फुसाच्या कर्करोगाची साथ उभी राहिली. रॉबर्ट प्रॉक्टर हे अमेरिकन इतिहासकार पान पकवण्याच्या या रीतीची गणना आधुनिक उद्योगातल्या सर्वांत प्राणघातक शोधांत करतात. पाइपवाल्याच्या बरणीत जी क्रिया जिभेच्या सुखासाठी होते, तिचीच मोठी बहीण कोठारात माणसाच्या छातीचा दरवाजा उघडून गेली.

* * *

आपल्याकडे तंबाखू दख्खनमधून उत्तरेत गेली, याची एक सुंदर नोंद आहे. अकबराचा अधिकारी असद बेग विजापूरहून 1604 च्या सुमारास आग्र्याला परतला, तेव्हा त्याने बरोबर तंबाखू आणि ती ओढण्याची नळी नेली. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, दरबारात वाद रंगला. बादशहाने पुढे तिचा नाद केला नाही. पण सरदारांत आणि व्यापाऱ्यांत ती पसरली. 1617 मध्ये जहांगीरने बंदी घातली, तिचा उपयोग झाला नाही.

गोडीचा प्रश्न आपण वेगळ्या मार्गाने सोडवला. इंग्लंडात ज्या काकवीला बंदी होती, ती आपल्याकडे हुक्क्याच्या तंबाखूत खुशाल मळली जाई. वर निखारा, खाली पाणी. उष्णता आणि गोडी दोन्हींची सोय झाली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पिवळी व्हर्जिनिया तंबाखू आणि तिची तापती कोठारे आंध्रातल्या गुंटूर भागात आली आणि कॅरोलिनाची ती रीत भारतीय शेतीत कायमची बसली.

पण घरी तंबाखू तापवण्याची महाराष्ट्रातली रीत यांपैकी कशातूनही आलेली दिसत नाही. ती आहे मशेरी.

बहुतेक वाचकांना हा वास आठवत असेल. बाजारातून आणलेली पानाची तंबाखू कुस्करून तव्यावर टाकतात. मंद आच ठेवून, सारखी हलवत, ती तपकिरी किंवा पार काळी होईपर्यंत भाजतात. घरभर खाट उठते, डोळ्यांतून पाणी येते, लहान मुलांना बाहेर पिटाळतात. निवल्यावर चुरून बारीक पूड करतात आणि डबीत भरतात. सकाळी बोटावर घेऊन ती हिरड्यांना लावतात. सुरुवात दात घासण्यासाठी म्हणून होते. मग दुपारी एकदा, कामाच्या मधे एकदा, रात्री निजताना एकदा. दात घट्ट राहतात, पोट साफ होते, भूक मरते, ही कारणे ती लावणाऱ्या बायका सांगतात. शेवटचे कारण शेतावर आणि परघरी राबणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकताना जास्त टोचते.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही पाइपवाल्याच्या बरणीची उघड्यावरची बहीण आहे. भाजल्याने कच्च्या पानाचा उग्रपणा जातो, खमंगपणा येतो, पूड सहज होते आणि हिरडीला ती सोसते. फरक एवढाच की, तवा 100 अंशांवर थांबत नाही. पान करपते आणि करपण्यातून नवी विषारी द्रव्ये जन्माला येतात. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत 1980 च्या दशकात मशेरीवर झालेल्या प्रयोगांत तिचे कर्ककारक गुण दिसून आले. खाटेबरोबर थोडे निकोटिन उडते खरे, पण पुडीत उरते ते सवय लावायला भरपूर असते.

हे प्रमाण लहान नाही. 1990 च्या दशकात मुंबईत 35 वर्षांवरच्या सुमारे एक लाख मध्यम व निम्न उत्पन्न गटांतल्या लोकांची पाहणी झाली. तीत निम्म्याहून अधिक स्त्रिया तंबाखू घेणाऱ्या आढळल्या. त्या जवळजवळ सगळ्या धूरविरहित तंबाखू घेत, आणि त्यांत मशेरीचा वाटा सर्वांत मोठा होता. पुढे मुंबईतल्याच 1,217 गरोदर स्त्रियांचा अभ्यास 2004 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या मातांची बाळे जन्मतः सरासरी 105 ग्रॅमने हलकी होती. या तंबाखूतही मशेरीच मुख्य होती.

* * *

आता या तीन आगी शेजारी ठेवून पाहू. कॅरोलिनाचे कोठार, इंग्लंड-अमेरिकेतला घरचा ओव्हन आणि आपला तवा. तिन्ही ठिकाणी माणसाने एकच गोष्ट साधली: पानाचा उग्रपणा काढला आणि अंमल ठेवला. पान सोसवेनासे होते तोवर ते स्वतःच पहारा देत होते; ठसका, जळजळ, मळमळ हे त्याचे पहारेकरी. आगीने ते पहारेकरी दूर केले. चव सुधारणे याचा तंबाखूच्या बाबतीत खरा अर्थ हा आहे, आणि पाइपचा शौकीनही त्यातून सुटत नाही. त्याचा धूर छातीत कमी जात असला तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका त्याच्याही वाट्याला आहेच.

नोंदींच्या बाबतीत मात्र या तिघांची स्थिती सारखी नाही. ओव्हन वापरणारा अंश आणि तास टिपून ठेवतो, पुढच्या खेपेस त्यात सुधारणा करतो. कोठाराचा इतिहास अमेरिकेत विद्यापीठांनी लिहिला आणि निदान एका गुलामाचे नाव त्यात राहिले. तव्याचा इतिहास जवळजवळ कोराच आहे. वैद्यकाने मशेरी लावणाऱ्या बायका मोजल्या, त्यांच्या बाळांचे वजन केले, ते योग्यच झाले. पण ही पूड भाजायला कोण कुणाकडून शिकले, तपकिरीवर थांबायचे की काळ्यावर हे कोणत्या गावात कसे ठरले, सासरी आलेल्या मुलीला ती कुणी आणि कोणत्या वयात दिली, तयार पुड्या बाजारात आल्यावर घरचे भाजणे कधी थांबले, हे विचारणारे फारसे कुणी भेटत नाही. त्या बायकांची मापे कागदावर नव्हतीच. ती नाकात आणि डोळ्यांत होती. त्या पिढीबरोबर ती जातील.

वाचकांपैकी कुणाच्या घरात, शेजारात अशी मशेरी भाजणारी म्हातारी असेल तर तिच्यापाशी बसून एवढे विचारून घ्यावे आणि गावाचे नाव, साल, तिचे वय घालून लिहून ठेवावे. विचारताना तिला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभे करू नये. ती सवय तिने एकटीने लावून घेतलेली नाही. आणि त्याच घरात एखादी सून किंवा लेक गरोदर असेल, तर त्या 105 ग्रॅमचा आकडाही तिथे, दोघींच्या समोर, सांगून यावा.